आमची वाटचाल : टाकी गेली की थर्मोस्टॅट गेला?

१९९८ साली सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत दुकान उघडलं तेव्हा पाटीवर मोटार वाइंडिंग होतं. यंत्रमागाच्या मोटारी यायच्या. पुढे घरोघरचे बंब माळ्यावर गेले, गिझर आले आणि आमचं काम तिकडं वळलं. भागीदार माझे थोरले साडू. हिशेब त्यांचा, हात माझा. मल्टिमीटर घेण्याआधीपासून आमच्याकडे सिरीज लॅम्प आहे. लाकडी फळी, होल्डर, शंभरचा बल्ब, दोन वायरी. एक वायर कॉइलच्या टोकाला, दुसरी बॉडीला लावायची. बल्ब नुसता लाल झाला तरी कॉइल बॉडीला लागली, म्हणजे वीज बाहेरच्या धातूत उतरतेय. बारीक लिकेज मात्र बल्ब दाखवत नाही, त्याला मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटरच लागतं. दोन्ही रोज वापरात आहेत.

कार्तिकीपासून संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत आमचा सीझन. २०१४ च्या सीझनला शहरात एक नवी शोरूम आली आणि सोसायट्यांमधून ‘मोफत गिझर तपासणी’ सुरू झाली. तपासणाऱ्या पोरांना नव्या गिझरमागे कमिशन. मग काय, प्रत्येक घरी एकच निदान : टाकी गेली. जुना गिझर एक्स्चेंजमध्ये किरकोळ भावाने घ्यायचे. त्यातल्या कितीतरी टाक्या तांब्याच्या होत्या. तांबं भंगारात किलोवर विकलं जातं, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? आमची दोन शिकवलेली पोरंही तिकडं गेली. भाडं थकलं. साडूंनी भांडवल काढून घेतलं. त्यांना बोल लावत नाही, घरात लग्न होतं.

तेव्हा स्टेशनजवळच्या एका लॉजचे मालक स्वतः रिक्षात गिझर घालून दुकानात आले. म्हणाले, “मिस्त्री, टाकी गेली म्हणतात. मग खाली पाणी कुठंय?” माणूस धंद्याने लॉजवाला, पण प्रश्न कारागिराचा. त्यांच्यासमोर खोललं. पाणी तापलं की वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटचे पॉइंट जळून काळे. कॉइलवर आणि तिच्या शेजारच्या थर्मोस्टॅटच्या नळीवर बोटभर पांढरा क्षार. टाकी भरून रात्रभर दाबाखाली ठेवली, खाली थेंब नाही. क्षार काढला, थर्मोस्टॅट आणि झाकणाखालचं रबरी गॅस्केट बदललं, गिझर परत भिंतीवर. नंतर त्यांनी लॉजचे सगळे गिझर आमच्याकडे दिले, शेजारच्या लॉजवाल्यांना पाठवलं. दुकान उभं राहिलं ते त्यांच्यामुळे.

आता घरी गिझर असलेल्यांसाठी थोडं, कुणी विचारलं नसलं तरी. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, बोअरवर भागवावं लागतं आणि बोअरला क्षार भरपूर. गिझर तापताना तडतडला तर कॉइलवर थर चढलाय. दिवा लवकर विझतो पण पाणी कोमटच, तर थर बहुधा थर्मोस्टॅटच्या नळीवर. पंधरा लिटरचा दोन हजार वॅटचा गिझर वीस मिनिटांच्या आत-बाहेर कडक पाणी देतो, त्यावरून अंदाज घ्या. फक्त गरम नळाला तांबूस पाणी आलं तर आतला, टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड संपून लोखंडी टाकी गंजू लागली. गार नळालाही तसंच असेल तर दोष पाइपचा. रॉड वर्षातून एकदा बघाच, तो वेळेवर बदलला तर टाकी वाचते.

तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून दोन थेंब पडले तर घाबरू नका, पाणी फुगतं. तो व्हॉल्व्ह बूच मारून बंद करणारे मी पाहिलेत, असलं कधी करू नका. थेंब गिझरच्या बुडातून येत असेल तर आधी गॅस्केट बघायचं. टाकीच्याच वेल्डिंगच्या जोडावरून गळत असेल तर टाकी खरंच गेली. काचेचा लेप असलेल्या टाकीला वेल्डिंग टिकत नाही, लेप तडकतो. तिथं आम्हीही नवीन घ्या म्हणतो. आणि नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी बाजूला व्हा आणि मेन बंद करा. कॉइल फुटलेली असते आणि अर्थिंगही धड नसतं.

ती शोरूम नंतर बंद पडली. आमची दोन्ही पोरं परत आली, त्यातला एक आज दुकान सांभाळतो. पण त्या सीझनला ज्यांच्या तांब्याच्या धडधाकट टाक्या भंगारात गेल्या, त्यातले कितीतरी आजही मानतात की त्यांचा गिझर खरंच गेला होता.