क्लच प्लेट गेली म्हणून आलेली गाडी

आमचं गॅरेज पिरनवाडीच्या पुढं जांबोटी रोडला, चोर्ला घाटातनं गोव्याला जाणारी बरीच वाहनं आमच्या दारावरनंच जातात, त्यामुळं क्लच आणि ब्रेकची कामं बारा महिने चालूच असतात. पण गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली होती, ती मी अजून येईल त्या गिऱ्हाईकाला सांगतो, कारण त्यात क्लचनं आधी बोंब मारली म्हणून पुढचं टळलं.

खानापूरकडचे एक मामा, जुनी सात सीटर डिझेल गाडी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पहाटे गोव्यात साखळी गावाला लेकीच्या घरची वास्तुशांत, घरातली लहान-थोर सगळी त्याच गाडीतनं जाणार. आधी एका गॅरेजात दाखवून आलेले, तिथं सांगितलेलं की क्लच स्लिप मारतोय, म्हणजे इंजिन फिरतंय पण पकड चाकापर्यंत पोचत नाही, प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण सेट टाकायला लागतोय. मामा म्हणाले, "मिस्त्री, रात्रीपर्यंत सेट टाकून द्या की ओ, पैशाचं बघूया नंतर."

आता स्लिप मारतोय म्हटलं की प्लेट, हे सगळ्यांना पाठ आहे, पण हायड्रॉलिक क्लच असला की गिअरबॉक्सला पाना लावायच्या आधी वरनं खालपर्यंत एकदा बघावंच लागतं. तुम्ही पेडल दाबलं की रॉड मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलतो, ऑइल पाइपातनं खाली स्लेव्ह सिलिंडरला जातं, स्लेव्हचा पिस्टन फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या दाबतं, तेव्हा कुठं प्लेट मोकळी होते. पेडल सोडलं की तेच ऑइल उलटं वर आलं पाहिजे. ते वर आलंच नाही तर प्रेशर प्लेट अर्धवट दाबलेलीच राहते आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते!

मी पहिलं विचारलं, "मामा, सकाळी थंड असताना पण स्लिप मारते काय?" म्हणाले, "नाही ओ, सकाळी झक्कास असते, तास-दीड तास चालवली की मग मारते." इथंच मला शंका आली. प्लेट झिजलेली असली की थोडं तरी सकाळपासनं जाणवतं. गाडी तोपर्यंत आमच्या दारात उभी राहून गार झालेली, हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडला, इंजिन धाडकन बंद पडलं, म्हणजे पकड आहे. मग पुढच्या किणये गावापर्यंत ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत-सोडत फिरवून आणली, परत तीच टेस्ट केली तर इंजिन बंदच पडेना, नुसतं घरघरतंय. लगेच गॅरेजातल्या पोराला खाली पाठवलं, स्लेव्हचा ब्लीडिंग निपल, म्हणजे आतली हवा-ऑइल बाहेर काढायचा स्क्रू, जरासा ढिला करायला लावला, तर पेडलला कुणाचा पाय नसताना ऑइलची पिचकारी उडाली. निपल आवळला, परत टेस्ट, इंजिन जाग्यावर बंद. प्लेट ठणठणीत होती, प्रेशरच आत अडकून बसत होतं.

मग बॉनेट उघडून ऑइलच्या डब्याचं झाकण काढलं. झाकणाच्या आत एक घडीचं रबर असतं, ते काढलं आणि परत बसवायला गेलो तर बसेचना, फुगून चांगलं बोटभर बाहेर लोंबायला लागलं. पोराला स्टीलच्या ग्लासात पाणी आणायला सांगितलं आणि डब्यातलं थोडं ऑइल त्यात टाकलं. क्लचमध्ये पण ब्रेक ऑइलच असतं, आणि खरं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. हे वर तरंगलं, इंद्रधनुष्यासारखा थर धरून. मामांना दाखवलं तेव्हा आठवलं त्यांना, ऑइल कमी झाल्याचा दिवा लागलेला म्हणून भाच्यानं या डब्यात पॉवर स्टेअरिंगचं ऑइल वाढवलेलं.

पेट्रोलियमचं ऑइल या सिस्टिमच्या रबराला लागलं की रबर फुगतं. मास्टरमध्ये एक बारीक भोक असतं, पेडल सोडल्यावर त्यातनंच ऑइल डब्यात परत जातं, फुगलेलं सील त्याच्यावर चढून बसलं की परतीची वाटच बंद. वर ऑइल गरम होऊन फुगतं, मग प्रेशर आणखी वाढतं.

पण मला घाम फुटला तो वेगळ्या कारणानं. बऱ्याच गाड्यांसारखा या गाडीतही क्लच आणि ब्रेकचा डबा एकच. क्लचचा पाइप डब्याच्या जरा वरच्या अंगाला काढलेला असतो, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली शिल्लक राहावं, तेवढी काळजी बनवणाऱ्यानं घेतलीय, पण ऑइलच चुकीचं पडलं तर ते दोन्हीकडं जाणार. पुढच्या चाकांजवळ हात नेला तर नुसती धग, जॅक लावून फिरवली तर दोन्ही चाकं जड. ब्रेक धरायला लागलेले. असल्या गाडीत सात-आठ माणसं बसवून कणकुंबीच्या पुढं धो-धो पावसात घाट उतरायचा, हे डोळ्यासमोर आल्यावर मी सरळ किल्ली खिशात टाकली.

मामा चिडले जरा. "प्लेट चांगली हाय म्हणताय आणि गाडी देत नाही म्हणताय, हे काय ओ?" मी म्हटलं, मामा, क्लच गेला तर गाडी थांबते, ब्रेक गेला तर थांबत नाही, तुम्हीच ठरवा. गप्प झाले, आणि भावकीतल्या एकाला फोन लावून दुसरी गाडी ठरवली.

काम मोठं निघालं. क्लचचा मास्टर, स्लेव्ह, ब्रेकचा मास्टर, पुढच्या कॅलिपरची सीलं, मागचे व्हील सिलिंडर, सगळे रबरी होज, झाकणाचं रबरसुद्धा, जिथं जिथं ते ऑइल पोचलं तिथलं सगळं रबर बदललं. नुसतं ऑइल बदलून भागत नाही, एकदा फुगलेल्या रबराचा भरवसा नाही. लोखंडी पाइप स्पिरिटनं धुऊन हवेनं सुकवले. मग नवीन डॉट ४ ब्रेक ऑइल भरून एअर काढली, आधी चारी चाकांची, लांबच्या चाकापासनं, आणि शेवटी क्लचची. पोरगं पेडल दाबून धरतं, मी खाली निपल उघडतो, पारदर्शक नळीतनं बुडबुडे येतात, निपल बंद केला की मगच त्यानं पेडल सोडायचं, आणि क्लचचं पेडल बऱ्याचदा आपोआप वर येत नाही, हातानं उचलायला लागतं. मध्येच डबा रिकामा झाला की परत पहिल्यापासनं. गिअरबॉक्सला मात्र हात लावला नाही.

मामा साखळीहून परत आल्यावर गाडी न्यायला आले, किणयेपर्यंत स्वतः चालवून बघितली, खूश झाले. जाताना ब्रेक ऑइलची उरलेली अर्धी बाटली मागितली, दिली नाही. हे फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, कोरडं असताना डॉट ४ कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी धरलं की तीच मर्यादा १५५ वर येऊ शकते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात उघडी बाटली किती पाणी ओढेल सांगता येत नाही. लागलंच तर नवी सीलबंद डॉट ४ ची बाटली घ्या म्हटलं, आणि गाडीतल्या डब्याच्या झाकणावर जे छापलंय तेच भाच्याला आधी वाचायला लावा.