मिस्टिकचं जहाज आणि ३२० डॉलरचा हिशोब

बॉस्टनला दिराकडे राहिलो ते दिवस खाणं, पाऊस आणि आउटलेट मॉल यातच गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. न्यू जर्सीला परत येताना वाटेत कनेक्टिकटमधल्या मिस्टिकला थांबलो. सकाळी पोरांसाठी तिथलं मत्स्यालय, म्हणजे काचेपलीकडे पांढरे गुबगुबीत बेलुगा व्हेल आणि अलीकडे शंभर मोबाईल. आणि दुपारी मिस्टिक सीपोर्ट म्युझियम, जिथे व्हेल मारायचं जहाज उभंय. पोरांना हा क्रम अजिबात आवडला नाही, धाकटी तर गॅंगवेवरच फुरंगटून बसली.

जहाजाचं नाव चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन. १८४१ साली न्यू बेडफर्डला बांधलं, १९२१ पर्यंत ३७ सफरी केल्या, आणि व्हेलच्या शिकारीची जी लाकडी जहाजं होती त्यातलं जगात एवढं एकच उरलंय. १९४१ पासून मिस्टिकला आहे. मला वाटलं होतं काहीतरी अवाढव्य असेल, तर तसं नाहीये. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावणार नाही इतकंच. आणि एवढ्यात तीसेक माणसं तीन-तीन, चार-चार वर्षं!

डेकवर पुढच्या बाजूला चक्क विटांची चूल आहे, तिच्यात दोन मोठ्या लोखंडी कढया. लाकडाच्या जहाजावर भर समुद्रात चूल, म्हणून खाली पाण्याचा हौद, डेक पेटू नये यासाठी. व्हेल जहाजाच्या कुशीला बांधायचा, तिथल्या फळीवर उभं राहून लांब दांड्याच्या कुदळीसारख्या हत्यारांनी चरबीचे पट्टे सोलायचे (खाली शार्क आपला वाटा घेतायतच), मग बारीक तुकडे करून कढईत. लोणी कढवल्यावर बेरी उरते तशी यातही उरायची, आणि तीच पुढच्या घाण्याला सरपण म्हणून चुलीत घालायची. म्हणजे व्हेल स्वतःच्याच चरबीवर कढायचा. रात्रंदिवस पाळ्या लावून हे चालायचं, काळा धूर, सगळं तेलकट, कपडे-केस-अंथरूण सगळ्याला तोच वास. आता तिथे कसलाच वास येत नाही, डेक लख्ख धुतलेला, लोक चुलीपुढे हसत फोटो काढतात. मला ते जरा खटकलं खरं, पण मीही एक काढलाच.

मागे कॅप्टनची केबिन. तिथे एक पलंग टांगलेला आहे, जहाज कितीही डोललं तरी हा सपाट राहणार. १८६० च्या दशकात कॅप्टन लँडर्सची बायको लिडिया बरोबर निघाली तेव्हा तिच्यासाठी केलेला. बायका जायच्या हेच मला नवीन होतं. पुढे ऑनर अर्ल नावाची एक न्यूझीलंडची शिक्षिका कॅप्टनशी लग्न करून आली, गणितात पक्की, तर तिची नोंद थेट सहायक नॅव्हिगेटर म्हणून झाली. वा बाई!

आणि मग सगळ्यात पुढे, शिडीने खाली, खलाशांची खोली. जहाजाच्या नाकातली तिकोनी जागा, दोन्ही भिंतींना दोन मजली फळ्या, त्यावर वीसेक माणसं. बसायला स्वतःची पेटी. मी एका फळीवर हात पसरून बघितला, रुंदी खांद्याला खांदा. पाठीवर झोपलं तर वरच्या फळीला नाक लागायचं बाकी. मागून रांग ढकलत होती, एक बाई तर "सो क्यूट" म्हणाली. क्यूट?

तिथल्या एका आजोबांनी (स्वयंसेवक असावेत, फार प्रेमाने सांगत होते, पोरांना दोरखंड ओढायला दिला) पगाराचा विषय काढला आणि मी तिथेच अडकले, कारण माझं रोजचं काम पेरोलचं. पगार नव्हताच, वाटा होता. जहाज परत आलं, माल विकला, की ठरलेला हिस्सा. पहिल्या सफरीत तीन वर्षांहून जास्त फिरून ५९ व्हेल, आणि माल साधारण ५६ हजार डॉलरचा. मोठा भाग मालकांचा. कॅप्टनला पंधरावा हिस्सा धरला तर ३,७०० च्या वर. नवख्या पोराला १७५ वा धरा, म्हणजे ३२०. महिन्याला आठ डॉलर! त्यातून परत कपडे, तंबाखू, चाकू जे काही जहाजावरच्या दुकानातून चढ्या भावाने घेतलं ते वजा, निघताना दिलेली उचल व्याजासकट वजा. काही पोरं वर्षानुवर्षं राबून उलट देणेकरी होऊन उतरायची. मी आयुष्यात खूप वाईट सॅलरी स्लिपा बघितल्यात, पण अशी नाही.

बरं, होडीतून व्हेलच्या अंगावर जाणारे तेच. सहा जण, भाला लागला की दोरी इतक्या जोरात सुटायची की धूर निघायचा, तिच्यावर पाणी ओतत राहायचं. आणि हे सगळं कशासाठी, तर दिव्याच्या आणि मशीनच्या तेलासाठी. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली, रॉकेल स्वस्त झालं, तरी धंदा लगेच बंद नाही पडला, कारण बायकांच्या कॉर्सेटला (कंबर आवळून बारीक दाखवणारा आतला कपडा) व्हेलच्या तोंडातल्या पट्ट्या लागायच्या.

पळून जाणारे खूप असायचे म्हणे, बंदर लागलं की रात्रीतून गायब, वाट्यावर पाणी सोडून. मग अझोर्स, केप व्हर्डे, हवाई, जिथे मिळतील तिथे नवी माणसं भरायची. गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, मी पण होनोलुलूलाच उतरले असते. तो म्हणाला, "होनोलुलू लांब राहिलं, तुला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत ओकारी झाली होती." नंतर न्यू हेवनपर्यंत ट्रॅफिक, आणि मी काही बोलले नाही.