गोळी झाडल्यानंतरचा अर्धा तास

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात महत्त्वाची मीटिंग लावायला कोणी धजावत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या देशात वाढलेल्या मला हे सगळंच नवलाचं. पण मटण आवडीने खायचं आणि कापणाऱ्याकडे बघायचं नाही, हे बरेच दिवस खटकत होतं. म्हणून शिकायचं ठरवलं.

१ जानेवारी १९७३ किंवा नंतर जन्मलेल्याला एकट्याने शिकार करायची तर हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा. वर्गात माझ्या शेजारी अकरा-बारा वर्षांची पोरं, आणि बंदुकीबद्दल माझ्याहून त्यांनाच जास्त माहिती. (मी ग्रीन कार्डवर आहे. एच-१बीवाल्यांनी आधी नियम नीट वाचावेत. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर त्यांना बंदूक बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे.)

'पेशन्स ठेव' असं सगळेच सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं, ते कोणी सांगत नाही. नुसतं गप्प बसलं की मन अर्ध्या तासात फोनकडे धावतं. मी ज्यांच्या शेतात बसायचो त्या म्हातारेबुवांनी मला कामं लावून दिली. पहाटे अंधारात झाडावरच्या स्टँडवर चढताना अंगावरचा सेफ्टी हार्नेस झाडाला बांधायचा, रिकामी बंदूक मागाहून दोरीने वर ओढायची. मग वारा कुठून येतोय ते सारखं तपासत राहायचं, कारण आपला वास गेला की हरीण त्या बाजूला फिरकतच नाही. आणि कान उघडे ठेवायचे. वाळक्या पानांवरून खार पळाली तरी मोठं जनावर आल्यासारखं वाटतं. हळूहळू फरक कळायला लागतो: खारीची नुसती धावपळ, हरणाची दोन-चार पावलं आणि मग लांबलचक शांतता.

एकदा शिंगांचा नर उंचवट्यावर येऊन उभा राहिला. मागे नुसतं आकाश. गोळी कुठे जाऊन थांबेल ते दिसत नसेल तर झाडायची नाही, हे कोर्समध्ये घोकून घेतलेलं. बोट ट्रिगरपासून लांबच ठेवलं. तो आरामात निघून गेला. हळहळ वाटली, पण त्यात धीर फारसा लागला नाही. नियम स्पष्ट होता.

खरा धीर लागला तो नंतर. मादी आली, आडवी उभी राहिली, मागे मातीचा चढ. माझ्याकडे मादीसाठीचा परवाना होता. हात थरथरत होते. दोन श्वास सोडले आणि खांद्याच्या मागे नेम धरून गोळी झाडली. ती उडी मारून झाडीत पळाली. त्या क्षणी तिच्यामागे धावत सुटावंसं वाटतं, आणि नेमकं तेच करायचं नसतं. जखमी जनावर जवळच आडवं पडतं. पाठलाग केला तर उठून लांब जातं आणि हाल होऊन मरतं. अर्धा तास वर बसून राहिलो. मी उगाच एखाद्या जिवाला तडफडत ठेवलं का, हा विचार तेवढ्या वेळात डोकं पोखरतो.

खाली उतरलो तर पानांवर गुलाबी, फेसाळ रक्त. म्हणजे गोळी फुप्फुसात. हिरवट, घाण वासाचं दिसलं असतं तर आतड्याला लागली म्हणून परत जाऊन कित्येक तास थांबावं लागलं असतं. थोड्याच अंतरावर ती सापडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते, ती फोनवर झाली. मग सीडब्ल्यूडीची (क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची) तपासणी. हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग २००२ साली या राज्यात सापडला. माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी बाधित मांस खाऊ नये असा सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला आहे. डोकं तपासणीच्या पेटीत ठेवलं, मांस फ्रीझरमध्ये. बायको रोज विचारायची, "आला का निकाल?", जशी काही पोराची दहावी होती.

'रोग आढळला नाही' असं आलं, तेव्हा रस्सा केला. हरणाची चरबी मेणचट असते, टाळूला चिकटते. ती आधीच कापून टाका आणि तेल नेहमीपेक्षा जरा सढळ घाला.