अपग्रेडनंतर इंटरनेट चालू, पण ऑफिसचा डबा गायब

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. पण आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावण्याचं ऑफिस पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ. दिवाळी अंक छपाईला गेल्याशिवाय एकाही मशीनला हात लावायचा नाही, असं काकांनी बजावून ठेवलं होतं. अंक बाजारात आले आणि मग मी एकेक कॉम्प्युटर विंडोज ११ वर नेला. श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, प्रिंट निघाली, मेल आले. फक्त कोपऱ्यातला नेटवर्क स्टोरेजचा डबा, म्हणजे सगळ्या मशीनना नेटवर्कवरून वापरता येणारी सामायिक डिस्क, कुठल्याच मशीनवर दिसेना. जुन्या पुस्तकांच्या सगळ्या फाइली त्याच डब्यावर.

"अरे, इंटरनेट चालतंय म्हणजे नेटवर्क ठीकच आहे ना?" काकांनी विचारलं. त्यांचं अर्धं बरोबर होतं. इंटरनेट चालतंय याचा अर्थ केबल, स्विच, राउटर आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर ठीक आहेत. अपग्रेडनंतर सगळ्यात आधी ड्रायव्हरवर संशय येतो आणि बरेच जण तिथेच तासन्‌तास घालवतात. आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता. तरी मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी पत्ता) दाखवणारी आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवून पाहिली. पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे राउटरने दिलेला. १६९.२५४ ने सुरू झाला असता, तर राउटरकडून पत्ताच मिळाला नाही असं समजून खालपासून, म्हणजे केबलपासून, शोधावं लागलं असतं.

मग डब्याच्या पत्त्यावर पिंग केलं, म्हणजे तो उत्तर देतो का ते पाहिलं. लगेच उत्तर आलं. नावाने केलं तर नाही. हा मोठा धागा होता. डबा जिवंत आहे, नेटवर्कवर आहे, फक्त त्याचं नाव सापडत नाही. जुनी यंत्रं ज्या पद्धतीने स्वतःची ओळख नेटवर्कवर पुकारतात, ती नव्या विंडोजमध्ये आपोआप चालू नसते. म्हणून एक्सप्लोररमध्ये डब्याचं चित्र दिसलं नाही, एवढ्यावरून तो बंद पडला असं धरू नये. सेटिंग्जमध्ये नेटवर्क 'पब्लिक' झालं होतं, ते 'प्रायव्हेट' केलं. शेजारची मशीन दिसू लागली, डबा नाहीच. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन लावून ४४५ नंबरचा पोर्ट, म्हणजे संवादाचं दार, तपासलं, फाइल शेअरिंग त्यावरूनच चालतं. उत्तर 'ट्रू'. म्हणजे रस्ताही मोकळा होता.

शेवटी ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे थेट आयपी पत्ता टाकला. आता पहिल्यांदा नेमका संदेश आला: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पासवर्डविना 'गेस्ट' प्रवेश अडवला आहे. काका म्हणाले, "कुठली संस्था? आपण तर एवढेच!" पण कारण त्याच ओळीत होतं. आमचा डबा बसवला तेव्हापासून सगळे त्यात गेस्ट म्हणून, पासवर्ड न टाकता जात होते. विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ आवृत्तीपासून गेस्ट प्रवेश मुळातच बंद असतो आणि फाइल शेअरिंगच्या प्रत्येक संवादावर डिजिटल सही लागते. ही सही म्हणजे पाकिटावरच्या लाखेच्या मोहरेसारखी. वाटेत कुणी मजकूर बदलला तर लगेच कळतं. सहीची किल्ली पासवर्डाच्या ओळखीतून तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, मग सही कशाने करणार?

आम्हाला हार्डवेअर पुरवणाऱ्या माणसाने फोनवर सोपा उपाय सांगितला: सहीची सक्ती बंद करा, गेस्ट चालू करा, आणि जमलं नाही तर एसएमबी-१, म्हणजे फाइल शेअरिंगच्या पद्धतीची सगळ्यात जुनी आवृत्ती, लावा. मी ठाम नाही म्हटलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी-१ मधल्या त्रुटीतून, आणि त्याच वर्षी विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमधून एसएमबी-१ वगळायला सुरुवात झाली. लेखकांची हस्तलिखितं आपल्याकडे विश्वासाने येतात. त्यांच्यावरचं कुलूप काढून ठेवणं मला पटत नाही.

म्हणून डब्यावरच काम केलं. त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, किमान एसएमबी-२ ठेवलं, गेस्ट बंद केला आणि प्रत्येकाच्या नावाने युजर व पासवर्ड तयार केला. राउटरमध्ये डब्याचा पत्ता कायमचा राखून ठेवला. प्रत्येक मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजर या विंडोजच्या पासवर्ड जपणाऱ्या जागेत तो पत्ता, युजर आणि पासवर्ड भरला. एका मशीनवर एरर १२१९ आली: एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. जुनी जोडणी अर्धवट शिल्लक होती. 'नेट यूज' या आज्ञेने ती काढली आणि लॉगआउट करून परत आत आल्यावर सुटलं. ताईंच्या मशीनवरचा शेअर केलेला फोल्डर मात्र उघडेना. त्या म्हणाल्या, "पिन बरोबर टाकतेय रे मी." पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून जाताना खात्याचा खरा पासवर्डच लागतो. तो टाकला आणि उघडलं.

ड्राइव्ह जोडताना अक्षर पूर्वीचंच, झेड, दिलं. हे विसरू नका. पानांमध्ये लावलेल्या चित्रांचे दुवे त्या अक्षराने नोंदलेले असतात. दुसरं अक्षर दिलं तर जुनं पुस्तक उघडल्यावर प्रत्येक पानावरचं चित्र हरवल्याची यादी येते. ताईंनी पुनर्मुद्रणासाठी आलेलं एक व्याकरणाचं पुस्तक उघडलं. सगळ्या आकृत्या जागच्या जागी होत्या. जुनं झेरॉक्स मशीन फक्त एसएमबी-१ वर स्कॅन पाठवतं, त्यामुळे सध्या स्कॅन पेनड्राइव्हवर घेतो.