काळ्या ऑइलला घाबरू नका, वाढलेल्या ऑइलला घाबरा

आमच्या वाळवा तालुक्यात कारखान्याचा हंगाम तोंडावर आला की जो तो ट्रॅक्टरचं ऑइल बदलून घेतो. उसाच्या चार खेपा होतात न होतात तोच कुणीतरी ऑइलची पातळी मोजायची पट्टी हातात धरून येतो : "कालच नवं टाकलं, आणि हे बघा, काळंकुट्ट! दुकानदारानं गंडवलं."

बहुतेक वेळा दुकानदाराचा काही दोष नसतो. डिझेल जळताना काजळी होते आणि त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांवरून खाली चेंबरात, म्हणजे ऑइल साठतं त्या इंजिनाच्या तळात, उतरते. ती अंगात धरून ठेवायची, तिचे गोळे होऊ द्यायचे नाहीत, यासाठीच ऑइलमध्ये रसायनं घातलेली असतात. ही काजळी इतकी बारीक असते की फिल्टरमधूनही निसटते. शिवाय कितीही निथळलं तरी इंजिनाच्या कानाकोपऱ्यात जुनं ऑइल थोडं राहतंच, ते नव्याला लगेच रंगवतं. त्यामुळे डिझेल इंजिनात काळं ऑइल दिसलं तर ते आपलं काम करतंय असं मी धरतो. बदलायचं कधी, हे रंगावर नाही, इंजिन चाललेल्या तासांवर ठरवायचं. आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात 250 तास लिहिलेत. मे महिन्यात धुरळ्यात रोटाव्हेटर चालला असेल तर मी तेवढी वाट बघत नाही. फिल्टर मात्र प्रत्येक वेळी नवा.

मग पट्टीवर बघायचं काय? सकाळी, ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी, सपाट जागेवर. उतारावर उभा असेल तर पातळी खोटी दिसते. पट्टी काढायची, सुती फडक्यानं पुसायची (दोरे सुटणाऱ्या चिंध्या नकोत), पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. मग एक थेंब बोटांत चोळायचा आणि वास घ्यायचा. हे शेवटचं कुणीच करत नाही, आणि खरी बातमी तिथंच असते.

गेल्या हंगामात पुतण्या म्हणाला, "तात्या, आपलं इंजिन लई भारी, ऑइल कमीच होत नाही. उलट वरच्या खुणेच्या वर गेलंय." तो खूश होता. माझ्या पोटात गोळा आला. इंजिनातलं ऑइल थोडंफार जळून कमी होतं, आपोआप वाढत कधीच नाही. वाढलं म्हणजे आत दुसरं काहीतरी शिरलंय. बोटांवर घेतलं तर ते पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास सरळ नाकात. ट्रॅक्टर जागेवरच थांबवला. फिटरनं उघडून बघितलं तर डिझेल पंपाचं सील गेलं होतं आणि डिझेल टायमिंगच्या बाजूनं चेंबरात उतरत होतं. अशा पातळ ऑइलवर भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढल्या असत्या तर बेअरिंगं गेली असती. पातळी फार चढली तर आणखी मोठा धोका : ब्रीदरमधून (चेंबरातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल ओढून इंजिन आपोआप रेस होतं, आणि डिझेल बंद केलं तरी थांबत नाही.

दुसरी वाईट खूण म्हणजे दुधाच्या चहासारखं ऑइल. तिथं पाणी शिरलेलं असतं. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) उडालेलं असेल, लायनरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीच्या) रबरी रिंगा गेल्या असतील किंवा हेडला चीर असेल. रेडिएटरचं पाणी वारंवार कमी होत असेल आणि बाहेर कुठं गळती दिसत नसेल, तर पट्टी बघाच. पावसाळ्यात ट्रॅक्टर थोडा वेळ चालवून बंद करत राहिलं की ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून पांढरट साय धरते. तेवढ्यावरून हेड उतरवू नका. इंजिन चांगलं तापू द्या, मग परत बघा. तरी शंका राहिली तर माझे वडील करायचे तेच मी करतो : चुलीवरून उतरवलेल्या गरम तव्यावर लांबून एक छोटा थेंब. ऑइल नुसतं पसरलं तर ठीक, तडतडलं तर त्यात पाणी आहे. हे उघड्यावर करायचं, डोळे सांभाळून, आणि तो तवा पुन्हा भाकरीला वापरायचा नाही.

पाणी शिरलंय हे कळल्यावर "एवढी खेप टाकून येतो" म्हणणारे आमच्याकडे कमी नाहीत. त्यांना मी हात जोडून सांगतो, स्टार्टर मारू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगांवर टिकत नाही. गॅस्केटचं काम थोडक्यात निपटतं, क्रँक (पिस्टननं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) गेला तर हंगामाची कमाई त्यातच जाते.

ऑइल काढताना इंजिन गरम असावं, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर निघतो. काढलेलं ऑइल उन्हात धरून बघावं. चकाकणारे कण दिसले, ड्रेन बोल्टच्या चुंबकाला लोखंडाचे तुकडे चिकटले, तर मी नवं ऑइल ओतायच्या आधी फिटरला फोन करतो. टोळी फडात खोळंबली असली तरी चालेल, तो येईपर्यंत ट्रॅक्टर हलत नाही.