हॅलयार्ड बांधून घरी जा

ज्याच्या बोटीचा हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, डोलकाठीवर आपटून रात्रभर वाजतो, तो माणूस त्या वेळी आपल्या घरी गाढ झोपलेला असतो. शिडाच्या बोटींच्या शेजारधर्मातली खरी अडचण हीच. रविवारी दुपारी तो शीड उतरवतो, घडी घालून बांधतो, वर कव्हर चढवतो, डेक धुतो आणि गाडीत बसून निघून जातो. तेव्हा वारा पडलेला असतो, सगळं शांत असतं. मग मधेच एखाद्या मध्यरात्री नैऋत्येचा वारा सुटतो आणि टण, टण, टण सुरू होतं. ते ऐकायला आजूबाजूच्या बोटींवर झोपलेले लोक असतात, मालक नसतो. म्हणून आपल्या बोटीचा आवाज होतो हे कित्येकांना वर्षानुवर्षं माहीतच नसतं.

आमची बोट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॅम्बल नदीत असते. साउथॅम्प्टन आणि पोर्ट्समथच्या मधे ही छोटी नदी समुद्राला मिळते, आणि शेवटच्या काही मैलांत दोन्ही काठांनी नुसत्या डोलकाठ्या दिसतात. आमची वेस्टर्ली सेंटॉर, 26 फुटांची, 1970च्या दशकातली. आम्ही बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी येतो आणि बोटीवरच झोपतो. आमच्या पाँटूनवर, म्हणजे बोटी बांधायच्या तरंगत्या धक्क्यावर, असे बरेच जण आहेत. पलीकडच्या रांगेत एक नर्स उन्हाळाभर मुक्कामाला असते. तिला रात्रपाळी असते, त्यामुळे ती दिवसा झोपते. तिच्याशी ओळख झाल्यापासून ‘दिवसा वाजलं तर काय बिघडलं’ असं मी म्हणत नाही.

मी अलिबागची. माझा दादा लहानपणी मच्छीमारांच्या मचव्यांवर बराच फिरलेला. तो इथे आला तेव्हा त्याने आमच्या डोलकाठीवर बोटाच्या पेरांनी ठकठक केलं आणि म्हणाला, “अगं, ही पोकळ आहे होय! मग वाजणारच.” अगदी बरोबर. मचव्याची काठी भरीव लाकडाची असे आणि काम झालं की शीड परबाणासकट, म्हणजे ते ज्याला बांधलेलं असतं त्या दांड्यासकट, खाली येई. इथली काठी म्हणजे ॲल्युमिनियमची लांब पोकळ नळी. हॅलयार्ड तिच्या टोकावरच्या चाकातून खाली येतो आणि काठीला लागून लोंबतो. जुन्या बोटींवर तर हॅलयार्डचा निम्मा भाग पोलादी तारेचा असतो. दहा-बारा मीटर उंचीच्या पोकळ नळीवर तार आपटू लागली की तो आवाज काठीतून थेट खालच्या केबिनच्या छतात उतरतो आणि पाण्यावरून शेजारच्या चार बोटींपर्यंत जातो.

वाऱ्यात दोन वेगळे आवाज होतात, आणि त्यातला फरक कळला की निम्मी भांडणं होतच नाहीत. एक असतो गुणगुणण्याचा. वारा गोल दोराला किंवा तारेला वळसा घालून जाताना तिच्या मागे एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला भोवरे सुटत जातात आणि हवा गाऊ लागते. स्ट्रोहाल नावाच्या चेक शास्त्रज्ञाने 1878 साली त्याचा नियम मांडला : वारा जितका जोरात तितका सूर चढा, दोर जितका जाड तितका सूर खाली. 10 मिलिमीटर जाडीच्या दोरावर 25 नॉटचा, म्हणजे ताशी 25 सागरी मैलांचा, वारा आला तर सूर साधारण 250 हर्ट्झचा निघतो, म्हणजे पेटीवरच्या पांढरी एकच्या जवळपास. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा आमच्या बोटीवर त्याच्या निम्म्या जाडीच्या आहेत, त्या वरचा सा लावतात. बोफर्टच्या वाऱ्याच्या मोजपट्टीत 6 क्रमांकाच्या वाऱ्याची जमिनीवरची खूणच अशी दिली आहे की तारायंत्राच्या तारा शीळ घालू लागतात आणि छत्री सांभाळणं कठीण होतं. हा आवाज थांबवता येत नाही आणि त्याबद्दल कुणाला बोल लावू नये. मला तर तो आवडतो.

दुसरा आवाज ठोक्यांचा. तो मात्र शंभर टक्के थांबवता येतो, आणि म्हणूनच तो न थांबवणं हा शेजाऱ्यावर अन्याय आहे असं मी म्हणते. वरच्या मजल्यावर मध्यरात्री कुणी खाट सरकवली तर माणूस कूस बदलून झोपतो. हे ठोके सरकवून झालं म्हणून थांबत नाहीत. झुळूक वाढली की लय वाढते, मधेच थांबते, आता थांबलं असं वाटून डोळा लागतो तेवढ्यात पुन्हा सुरू.

बहुतेकांना वाटतं की दोर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरकीवर, घट्ट ताणला की काम झालं. नाही होत. ताणलेला दोर काठीला खेटूनच असतो. तो वाऱ्याने थरथरतो आणि पूर्वी संथ टण-टण होत होतं तिथे आता टर्रर्र होतं. उपाय आहे तो अंतराचा. दोर काठीपासून वीतभर तरी लांब गेला पाहिजे.

मी काय करते ते सांगते. शीड उतरवल्यावर मुख्य हॅलयार्डचं शॅकल, म्हणजे टोकाची धातूची कडी, शिडाच्या टोकावरून सोडते. टोक हातातून क्षणभरही सुटू द्यायचं नाही, आधी मनगटाला एक वेढा घ्यायचा. मग ते मागे नेऊन बोटीच्या कडेवरच्या मजबूत कडीत अडकवते. रेलिंगच्या तारेत नाही, कारण तार ताणली जाते आणि तिचे खांब वाकतात. मग दुसऱ्या टोकाकडून दोर हलकेच ताणते. आता तो काठीपासून तिरका, दूर गेलेला असतो. आमच्या जुन्या बोटीवर दोराचा परतीचा भाग काठीच्या बाहेरूनच खाली येतो, त्याचं वेगळं बघावं लागतं. त्यासाठी हुक लावलेली रबरी बंजी. हात वर करून पोचेल तितक्या उंचावर ती दोराभोवती घालायची आणि बाजूच्या तारेकडे ओढून अडकवायची. कमरेच्या उंचीवर बांधलेली बंजी फारशी उपयोगाची नाही, कारण वरचा सगळा दोर मोकळाच राहतो. जिबचा, म्हणजे पुढच्या शिडाचा, हॅलयार्ड गुंडाळलेल्या शिडाला वर धरून असतो, त्यालाही तशीच एक बंजी लागते. आणि झेंड्याची ती बारीक दोरी! तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक असते, पण रात्रभर टिकटिकते.

बांधून झालं की मी तळहात काठीवर सपाट ठेवते. कान फसतात, कारण शेजारच्या दहा बोटी वाजत असतात. हाताला मात्र आपल्याच काठीतला ठोका कळतो.

आता एका रात्रीविषयी. ऑक्टोबर सरत आला होता, वारा 7 क्रमांकाचा. आमच्या डाव्या हाताला चाळीसेक फुटांची नवी बोट होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं. तिचा हॅलयार्ड असा आपटत होता की आमच्या स्टोव्हवरच्या किटलीचं झाकण थरथरत होतं. हे उठून बसले आणि बूट शोधू लागले. “दोन मिनिटांचं काम आहे, मी बांधून येतो.”

मी म्हटलं, “अहो, जाऊ नका.”

अनेकांना यात काही गैर वाटत नाही. चांगल्याच हेतूने तर जातोय! पण दुसऱ्याची बोट म्हणजे दुसऱ्याचं घर. तिच्या डेकवर विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, ही इथली जुनी रीत आहे आणि ती मला मनापासून पटते. शिवाय रात्र, पावसाने निसरडा झालेला अनोळखी डेक, आणि खाली थंडगार पाणी. पडलं तर त्या वाऱ्यात हाक कुणाला ऐकू जाणार? आणि समजा न पडता पोचले, शॅकल सोडलं आणि टोक हातातून निसटलं, तर दोर सरसर वर जाऊन काठीच्या टोकाशी अडकतो. मग मालकाला कुणाला तरी वर चढवून तो काढावा लागतो. उपकार करायला गेलेल्या माणसाने शेजाऱ्याला असं काम लावून येऊ नये.

मरीनाच्या, म्हणजे बोटी ठेवायच्या या बंदराच्या, ऑफिसचा रात्रीचा नंबर असतोच. फोन केला. थोड्याच वेळात पहाऱ्यावरचे गृहस्थ लाइफजॅकेट घालून, डोक्याला दिवा बांधून आले. जॅकेटच्या खिशातून दोन बंजी काढल्या, काहीही न सोडता दोर नुसता बाजूच्या तारेकडे खेचून अडकवला, आम्हाला हात केला आणि पुढच्या रांगेत गेले. वादळी रात्री हेच त्यांचं काम असतं. मरीनाच्या करारात बहुधा हॅलयार्ड बांधून ठेवण्याचं कलम असतं, त्यामुळे त्यांना तो अधिकार आहे. आपल्याला नाही.

पुढे तो मालक भेटला. मी आवाजाचं सांगितलं, तर त्याचा चेहरा पडला. “मी तर विंचवर होईल तितका ताणला होता,” म्हणाला. वारा असताना तो बोटीवर कधी झोपलाच नव्हता. ह्यांनी त्याला बंजी कुठे, किती उंचीवर ते दाखवलं. त्यानंतर त्या बोटीचा आवाज आला नाही. सगळेच असे भेटत नाहीत. “मरीना म्हटलं की आवाज आलाच,” असं तोंडावर सांगणारे एक जण आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, ऑफिसला कळवते. पण पहिली पायरी समोरासमोर बोलण्याचीच असावी. मालक हजर असताना परस्पर तक्रार करणं मला पटत नाही, आणि चिठ्ठी चिकटवणं तर मुळीच नाही. चिठ्ठी पाँटूनवरचे सगळे वाचतात.

कधी दोर नीट बांधूनही काठी आतून खडखडते. ते दिव्याच्या आणि अँटेनाच्या वायरींचं काम. काठी उतरवायची वेळ येईल तेव्हा वायरीवर थोड्या थोड्या अंतरावर तीन तीन प्लॅस्टिकच्या बंधपट्ट्या वेगवेगळ्या दिशांना शेपट्या ठेवून बांधायच्या. त्या शेपट्या वायर मधोमध धरून ठेवतात. आणि शीड ज्यांच्या काठीच्या आतच गुंडाळलं जातं, त्या बोटी वारा ठरावीक कोनातून आला की बासरीसारख्या घुमतात, कारण काठीला वरपासून खालपर्यंत लांब फट असते. त्या फटीत वर ओढून घ्यायची कापडी पट्टी मिळते. ती ओढली की घुमणं थांबतं.

गर्दीच्या ठिकाणी याचं महत्त्व आणखी वाढतं. आइल ऑफ वाइटवर यारमथला उन्हाळ्यात बोटी एकमेकींना खेटून बांधतात, तीन-तीन, चार-चार. तिथे काठ्या एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर लाटेने बोटी डोलल्या की वरचे आडवे दांडे एकमेकांवर आपटतात. थोडं पुढे-मागे सरकून बांधायचं. किनाऱ्यावर जाताना शेजाऱ्याच्या बोटीवरून जावंच लागतं. तेव्हा पुढच्या डेकवरून, मऊ तळव्याच्या बुटांनी, न बोलता जायचं. त्याच्या कॉकपिटमधून जायचं नाही. ती त्यांची बसायची जागा.

पुण्या-मुंबईहून ग्रीस-क्रोएशियाला जाऊन आठवडाभर बोट भाड्याने घेणारी मंडळी आता माझ्याही ओळखीत आहेत, त्यांच्यासाठी शेवटचं. तिथे धक्क्याला बोटी मागच्या बाजूने लावतात आणि दोन बोटींच्या मधे जेमतेम फेंडरची, म्हणजे धक्का झेलणाऱ्या फुग्याची, जागा असते. शेजाऱ्याची उशी तुमच्या काठीपासून काही फुटांवर येते. बोट ताब्यात घेतानाच तीन-चार बंजी मागून घ्या. नसतील तर शीड बांधायच्या पट्ट्यांनीही भागतं, फक्त गाठ सरकफासाची मारा, म्हणजे सकाळी ओल्या हातांनीही एका ओढीत सुटेल.