संहिता नसलेल्या नाटकावर प्रबंध लिहिताना

पेडणे तालुक्यातील दशावतारी मंडळात, म्हणजे जत्रांत पौराणिक लोकनाट्य करणाऱ्या संचात, वर्षानुवर्षे राजपार्ट (राजाची भूमिका) केल्यानंतर मी गोवा विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी केली. पात्रतेची बाजू फारशी अवघड गेली नाही. पदव्युत्तर पदवीला आवश्यक ते 55 टक्के गुण होते. प्रवेश परीक्षा, मुलाखत आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे किमान 12 श्रेयांकांचा (क्रेडिट) अभ्यासक्रम हे टप्पे यथाक्रम पार पडले.

खरा कस लागला तो विषयाच्या मांडणीत. दशावताराला लिखित संहिता नसते. प्रयोगापूर्वी मंडळातील जाणता कलावंत आख्यानाचे कथानक आणि प्रवेशांचा क्रम सांगतो. संवाद मात्र समोरच्या नटाच्या वाक्यावरून, उभ्या उभ्या घडतात. हे माझ्या अंगवळणी पडलेले होते, परंतु मार्गदर्शकांनी पहिल्याच चर्चेत विचारले, "तुम्हांला हे ठाऊक आहे हे मान्य, वाचकाने ते पडताळायचे कसे?" माझ्या संशोधनाची दिशा या प्रश्नाने ठरवली.

मग देवस्थान समित्या आणि मंडळे यांची संमती घेऊन मी एकच आख्यान निरनिराळ्या गावांच्या जत्रांत चित्रित केले, त्यातील संवाद शब्दशः उतरवून काढले आणि कोणते वाक्य परंपरेने ठरून गेलेले आहे व कोणते त्याच रात्री सुचलेले आहे, हे ओळीओळीने ताडून पाहिले. नंतर तीच चित्रफीत कलावंतांसमोर लावून, या जागी असे का बोललात, असे विचारत गेलो. पखवाजवादकांची उत्तरे मला सर्वांत मोलाची वाटली, कारण नट कुठे थांबणार आणि कुठे पद उचलणार याचा अंदाज त्यांना आधीच बांधावा लागतो. आजवरच्या लेखनात त्यांच्या या जाणकारीची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही, असे माझे मत आहे.

स्वतःच्या भूमिकांची टिपणे मी प्रयोग संपताच लिहीत असे आणि प्रबंधात त्यांचा उल्लेख 'मी' म्हणूनच केला. तटस्थ दिसण्यासाठी स्वतःला 'एक कलावंत' म्हणवून घेणे मला अप्रामाणिक वाटते. संशोधन सल्लागार समितीपुढे याच मुद्द्यावर सर्वाधिक चर्चा झाली. त्यामुळे संशोधनपद्धतीचे प्रकरण मी सर्वांत आधी पूर्ण केले.

नोकरी आणि रंगमंच सांभाळणाऱ्याने अर्धवेळ नोंदणीचा विचार अवश्य करावा. मात्र त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. जत्रांचा हंगाम पावसापूर्वी आटोपतो, म्हणून मी चित्रण हंगामात आणि लेखन पावसाळ्यात अशी विभागणी केली. प्रबंधासाठी सर्वसाधारणपणे कमाल 6 वर्षांची मुदत असते. तेवढ्या काळात हाती येणारे हंगाम मोजूनच आराखडा सादर करावा.